चाचांचा तळहात

चाचा माणसांशी बोलतानाही एक तळहात पाइपवर ठेवून उभे राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, आखातातल्या मीना अब्दुल्ला इथल्या आमच्या प्लांटवर समुद्राचं पाणी गोडं करणारे सगळ्यात जुने ऑपरेटर. "पाणी काय म्हणतंय ते आधी हाताला विचारावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी पुण्याचा, एसीत बसणारा. पाण्यातलं मीठ अडवणारे पडदे किती लागतील, दाब किती हवा, हे आधीच सांगणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं आणि त्याचा मला भलताच माज होता. नव्या युनिटचा आराखडा त्यातूनच निघाला. चाचा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "बाबा, ऑगस्टात इथला समुद्र चुलीवर असतो. हे त्याला सांगितलंस ना?"

"चाचा, त्याला सगळं कळतं," म्हणून मी हसलो.

ऑगस्टात चाचा चालवत असलेल्या नव्या युनिटचं पाणी खारट यायला लागलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, चूक सॉफ्टवेअरची की चालवणाऱ्याची? मी छातीठोकपणे म्हणालो, "सॉफ्टवेअर चुकत नाही." चाचा आपल्या तळहाताकडे बघत राहिले. त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे वाढला नाही. एअरपोर्टवर मीच सोडलं त्यांना, आणि "आता घरी आराम करा" असंही निर्लज्जासारखं वर म्हणालो.

महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी नव्या युनिटची फाइल उघडली. समुद्राच्या तापमानाच्या रकान्यात पंचवीस. पडदे बनवणाऱ्यांच्या चाचणीपत्रकातला आकडा मी जसाच्या तसा उतरवला होता. पाणी तापलं की मीठ जास्त निसटतं, हे मला कॉलेजपासून पाठ. आणि इथला समुद्र उन्हाळ्यात पस्तिशीला टेकतो. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "दुरुस्त करून टाक. झालं ते झालं."

मी चाचांना फोन लावला. "चाचा, चूक माझी होती. तुमचं बरोबर होतं."

चाचा म्हणाले, "मला वाटलं, माझ्याच हातून व्हॉल्व्ह चुकला. वय झालं. आता घरचा गॅससुद्धा बायकोलाच बंद करायला सांगतो."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"थांब बाबा," ते म्हणाले. "तिला बोलावतो. फोन स्पीकरवर लावतो. तिच्यासमोर एकदा परत सांग."

मी परत सांगितलं.