मी बदललेली एक ओळ

जळगाव जिल्ह्यातील एका मिशनच्या हायस्कुलात मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. पाठशाळेत वाढलेला, कपाळी गंध लावणारा मी. पण तेथील प्रार्थनामंदिरासमोरून जाताना वहाणा काढून हातात घेत असे. सिस्टरांनीही माझ्या गंधाविषयी कधी शब्द काढला नाही. निवृत्तीनंतर त्यांनीच वार्षिकांकातील 'माजी विद्यार्थ्यांची वार्ता' हे सदर माझ्याकडे सोपवले. कोण कोठे असतो, काय करतो, कोणाचे लग्न झाले, कोणाला मूल झाले, हा त्यातला मजकूर. सकाळची पूजा आटोपली की मोबाइलवर आलेल्या वार्ता मी वहीत उतरवून घेई.

त्यांचा क्रम कोणी ठरवला नव्हता, पण तो पडून गेला होता. आधी परदेश, मग पुणे-मुंबई, मग वरणगावचा कारखाना, बँका, कचेऱ्या. गावीच राहिलेले सहसा लिहीत नसत. स्नेहमेळाव्यात मी हे सदर व्यासपीठावरून वाचायचे, ज्याचे नाव येईल त्याने उभे राहायचे आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा आमचा प्रघात होता.

काही वर्षांपूर्वी त्यात एका विद्यार्थिनीची वार्ता आली. तिच्याइतके निर्दोष उच्चार मी दुसऱ्या कोणाचे ऐकले नाहीत. तिने पुण्याला जाऊन शास्त्राध्ययन करावे, ही माझी इच्छा होती; घरच्यांनी मुक्ताईनगरकडे तिचे लग्न करून दिले. पुढे पती वारला. तिने लिहिले होते : 'मी लग्नकार्यांत खापरावरचे मांडे करून देते. हाताखाली दोन बायका आहेत. मुलगी आपल्याच शाळेत शिकते. तुम्ही पाठ करून घेतलेली स्तोत्रे कणीक मळताना अजून म्हणते.'

ती वार्ता मी परत परत वाचली. वर तर सगळे इंजिनिअर आणि डॉक्टर. त्यांच्याखाली ही ओळ मला पाहवेना. मी ती खोडली आणि तिच्या नावापुढे लिहिले : 'पाककला क्षेत्रातील यशस्वी उद्योजिका.' आपण तिचा मान वाढवीत आहोत, अशी माझी खरोखर समजूत होती.

मेळावा एप्रिलमध्ये झाला. जेवणात आमरस आणि मांडे होते. मांड्यांचे काम सिस्टरांनी तिलाच दिले आहे, हे मला ठाऊक नव्हते. मंडपाच्या कडेला चुलीवर मातीचे खापर उपडे घातलेले होते. पंगतीत रस वाढून झाला होता. मी वाचत गेलो, तिचे नाव आले, आणि प्रघाताप्रमाणे ती उभी राहिली. पुरण भरलेला मांडा त्या क्षणी तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरलेला होता. तो खाली ठेवता येईना, हात जोडता येईनात.

मग तिच्याच वर्गातील एकजण ओरडला, "अगं उद्योजिका, कंपनी सांभाळ, फाटेल!"

"उद्योजिका अक्का, इकडे बी येऊ द्या! रस थांबेल शे!" मांड्यावाचून खोळंबलेली रसाची वाटी दाखवून दुसरा अहिराणीत म्हणाला.

सगळा मंडप हसला. तिने मांडा खापरावर टाकला. तो फाटला नाही. मी पुढचे नाव वाचले.

जेवणे उरकल्यावर मी तिच्याकडे गेलो. तिच्या मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते.

"सर, मी लिहिलं त्यात काही चूक होती का?"

"नाही गं. जरा शोभेलसं केलं, इतकंच."

"कोणाला शोभेलसं?"

मी हातातली वही मिटली.

"मांडे करते असं वाचलं असतंत तर कोणी हसलं नसतं, सर. दोन मांडे जास्त मागितले असते. मी या वर्गातली आहे आणि हे काम करते, एवढं सगळ्यांना कळावं, म्हणून तर मी आजचं काम घेतलं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "लाज मला वाटत नव्हती. तुम्हाला वाटली."

एवढे बोलून तिने पत्रावळीवर एक ऊन मांडा माझ्यासाठी काढून ठेवला आणि जुन्या सवयीने वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराला आशीर्वाद देण्याचे धैर्य मला झाले नाही. मांडा मी खाल्ला. तो उत्तम होता.

पुढील वर्षी तिची मूळ ओळ मी जशीच्या तशी वहीत लिहिली, कामाच्या तपशिलासह, आणि छापू का म्हणून तिला विचारले. उत्तर आले : 'सर, माझं नाव नको.' मी आणखी एकदा विचारले. त्याला उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा ती ओळ मी खोडली, ती तिच्या शब्दाखातर. माझ्या मनात या दोन खोडण्यांत भेद आहे. पण अंक वाचणाऱ्याला तो कोठून कळणार?

यंदाही मी वार्ता वाचल्या. माणसे उभी राहिली, टाळ्या झाल्या. जेवणात मांडे नव्हते, साध्या पोळ्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, "विचारलं होतं तिला. इथलं काम घेत नाही म्हणाली."