थिंफूची बहीण

लालासाब मुल्लाणी ट्रक चालवायचा. गगनबावड्याचा घाट भर पावसात उतरलेला माणूस, म्हणून भूतानात रस्त्याच्या कामावर नोकरी मिळाली तेव्हा त्याला डोंगराची धास्ती वाटली नाही. धास्ती होती ती बायकोला, अमीरबीला.

सदुसष्ट साली तो पहिल्या रजेवर कोल्हापुरात आला. रविवार पेठेतल्या त्याच्या घरी शेजारपाजार जमला.

"गाव हाय का मुलूख?" शेजारच्या शालूबाईनं विचारलं.

"देश हाय की. राजा हाय त्येंचा. पर आपल्या एका जिल्ह्यात त्येंच्याहून जास्त मानसं निघतील."

"आनि राजधानी?"

"थिंफू. नदीच्या काठाला भाताची खाचरं, मधी राजाची गढी, बाजूला लाकडी घरं. झाली राजधानी. गढी नव्यानं बांधायल्यात, पर लाकडात एक खिळा मारत न्हाईत."

सगळी हसली. अमीरबी हसली नाही. "तुमी एवढं वाळलाय कशानं?"

मग त्यानं सांगितलं. हिवाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद पडला. थिंफूच्या वेशीवर ट्रकमध्येच तो तापानं फणफणला. चहाचं दुकान चालवणाऱ्या पेमा नावाच्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं त्याला उचलून घरात नेलं, शेगडीजवळ निजवलं आणि बरा होईस्तोवर भाताची पेज पाजली. तिला हिंदी येत नव्हती, याला तिची भाषा.

दुसऱ्या दिवशी अमीरबी स्वतः शाहूपुरीत अडतीवर गेली. गुळाची ढेप आणली आणि फडक्यात शिवून टाकली.

"ही त्या बाईला द्या. माझ्याकडनं म्हनून सांगा."

"एवढं वझं कुठं न्हेऊ?"

"माझा मानूस त्येंनी उचलून न्हेला. ही तर ढेप हाय."

रेल्वेतून, मग ट्रकमधून ढेप थिंफूला पोचली. पेमानं फडकं उसवलं, बोट लावून चाखलं. लालासाबनं मनगटावर बांगड्यांची खूण केली आणि दूर दक्षिणेकडं हात दाखवला. तिला कळलं. पहिला खडा तिनं कोनाड्यातल्या बुद्धापुढं ठेवला, दुसरा लालासाबच्या हातावर, उरलेला गूळ शेजाऱ्यांना वाटला. लालासाबनं उभ्या जागी मनातल्या मनात दुवा केली.

निघताना पेमानं आपल्या हातमागावरचा लोकरी पट्टा दिला. कोल्हापुरात तो अमीरबीनं दोन्ही पोरांच्या बाळंतपणात कमरेला बांधला.

पुढं लालासाब नोकरी सोडून कायमचा घरी आला. थिंफूला पुन्हा जाणं झालं नाही. पेमाचं नाव अमीरबीच्या जिभेवर कधी नीट बसलं नाही. नमाज झाली की ती हात पसरून म्हणायची, "त्या थिंफूच्या भनीला सुखात ठेव."