गाण्याखालचा आवाज

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी मला शहाणपण शिकवायला नको... मी लातूरला एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. भूत, भानामती, अंगात येणं — असलं काही कुणी बोलायला लागलं की माझं डोकंच फिरतं. नातेवाईक माझ्यासमोर हे विषय काढतच नाहीत, कारण मी लगेच पुरावा मागते. आज माझ्याच हातात पुरावा नाही, तरी लिहितेय. हसायचं तर खुशाल हसा.

माझं माहेर मुखेडचं. माझे वडील — आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो — सरकारी कचेरीत कारकून होते, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख आवाजाची. लग्न कुणाचंही असो, माइक अप्पांच्याच हातात. "वधूच्या मामांनी वधूला घेऊन मंडपात यावं", "बिलोलीच्या पाहुण्यांची जीप रस्त्यात उभी आहे, तेवढी बाजूला घ्यावी"... खणखणीत आवाज, वर चेष्टामस्करी. आणि गंमत बघा, ज्या माणसाचा आवाज एवढ्या लोकांनी ऐकला, त्याचं घरात एकही रेकॉर्डिंग नाही! मोबाइल घरोघरी यायच्या आधीच अप्पा गेले.

थोरल्या ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट तेवढी होती. पण त्या काळी आपल्याकडे कॅसेट 'मिक्सिंग' करून मिळायची, आठवत असेल तुम्हाला. मूळ आवाज सगळा काढून टाकायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदी गाणी चढवायची. त्यातही शूटिंगवाल्याला अप्पांनीच बजावलं होतं, "गोंगाट ठेवू नको बाबा, गाणे टाक झकास." म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःच पुसून घेतला. कॅसेटमध्ये अप्पा माइक धरून उभे दिसतात, तोंड हलतं, आणि ऐकू येतं भलतंच गाणं.

गेल्या वर्षी आईला मी लातूरला आणलं. एकदा जेवताना तिनं भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला आणि म्हणाली, "माय, तुह्या अप्पाचा आवाजच ध्यानात येईना मह्या. तोंड दिसतंय, पन बोलनं ऐकू येईना."

रडली नाही. पण तेव्हापासून तिचं जेवणावरचं मनच उडालं. डोळे मिटून, कान दिल्यासारखी नुसती बसून राहायची. कुणी ताट पुढे केलं की "ठेव, खाईन नंतर". अंगावर नुसती हाडं दिसायला लागली. मला फार भीती वाटायला लागली, खरंच सांगते. माणूस कशानं खचेल काही नेम नाही.

आवाज मी कुठून आणणार? म्हटलं निदान चेहरा तरी दिसू दे. नांदेडच्या एका दुकानातून कॅसेटची फाइल करून आणली आणि जिन्याखालच्या जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर टाकली. त्या कॉम्प्युटरचा केला सर्व्हर — म्हणजे फाइल राहते जिन्याखाली आणि वाय-फायवरून दिसते घरातल्या कुठल्याही टीव्हीवर. आईच्या खोलीत एक छोटा टीव्ही आहे. तिला रिमोट शिकवला, आणि ती रोज दुपारी लग्न बघायला लागली.

त्या व्हिडिओत एक जागा आहे. पंगत बसलेली, आई बुंदीची बादली घेऊन वाढतेय. वाढता वाढता एकदम थांबते, माइककडे वळते आणि तोंडाला पदर लावून हसते. अगदी नव्या नवरीसारखी. आम्ही बहिणींनी कितीदा विचारलं, "कामून हसलीस गं?" तिचं उत्तर एकच, "काय माहीत बाई. ध्यानात न्हाई."

एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आई दारातच उभी.

"आज गाणे नव्हते. तुहे अप्पा बोलून राहिले हुते."

"डोळा लागला असेल आई तुझा."

"जागी हुते मी! मला येडी समजू नको!"

मी फाइल लावून बघितली. हॉलमधला आणि आईचा, दोन्ही टीव्हींवर गाणंच. फाइलमध्ये आवाजाचा ट्रॅकही एकच, दुसरा दडलेला वगैरे काही नाही. शूटिंगवाल्याला मुखेडला फोन केला, तर तो हसायलाच लागला. "मॅडम, मूळ कॅसेट कुठली आता? तिच्यावरच पुढच्या लग्नाचं शूटिंग करायचो आम्ही."

त्यानंतरही आईला आवाज येत राहिला. काय बोलतात विचारलं तर म्हणायची, "पाहुन्यायला बोलावून राहिलेत." मी शेजारी बसले की मात्र हटकून गाणंच. नवरा म्हणाला, "सासरेबुवा तुला घाबरतात बहुतेक. पुरावा मागतेस ना!" त्याचं हसणं होतं, माझा जीव जात होता. आईच्या डोक्यावर परिणाम होतोय की काय, हेच मनात.

मग एका रविवारी ठरवलं, छडा लावायचाच. जिन्याखालचा कॉम्प्युटर बंद केला, हार्ड डिस्क काढली आणि हॉलमध्ये माझ्या लॅपटॉपला जोडली. हेडफोन लावून फाइल ऐकत बसले, गाण्याच्या खाली कुठे काही कुजबुज राहिलीय का ते शोधत. आईनं नेहमीप्रमाणे ताट तसंच ठेवलेलं, ती खोलीत. माझ्या स्क्रीनवर पंगत बसत होती, कानात गाणं दणदणत होतं, आणि नवऱ्यानं माझा खांदा हलवला. त्याचा चेहरा बघून मी हेडफोन काढला.

आईच्या खोलीतून भांड्यांचा आवाज येत होता. पोरांचा कालवा. आणि अप्पा.

"...पंगत बसलेली आहे, कुणी लाजू नये..."

मी धावले. सर्व्हर बंद, डिस्क माझ्या लॅपटॉपला, तरी टीव्हीवर तेच लग्न, तोच मंडप. गाणं नाही. आई बाजेच्या कडेला बसलेली. अप्पा माइकवर बोलत होते — "आणि वधूच्या मातोश्रींना जाहीर विनंती. सकाळपासून उपाशी हायत. बुंदीची बादली दुसऱ्याच्या हातात द्यावी आन् गुमान जेवायला बसावं. न्हाईतर माइक सोडून मीच येईन भरवायला!"

अख्खा मंडप हसला. स्क्रीनवरची आई थांबली, वळली, आणि पदर तोंडाला लावून हसली. माझ्या शेजारची आईसुद्धा तशीच, पदर तोंडाला लावून. अप्पांचा आवाज इतक्या वर्षांनी ऐकला आणि मला हुंदकाच फुटला.

मग स्क्रीन काळी झाली. 'सर्व्हर सापडत नाही.'

फोन हातात होता, पण रेकॉर्ड करायचं सुचलंच नाही. माझे विद्यार्थी मला कधीच माफ करणार नाहीत! नंतर मी सगळं तपासलं. पासवर्ड बदलला, राउटर बदलला, शेजाऱ्यांचं वाय-फायसुद्धा पाहिलं. कॉलेजातले सहकारी म्हणाले, टीव्हीच्या मेमरीत राहिलं असेल. बरं, चित्र राहिलं असेल. पण गाणं गेलं कुठं, आणि जो आवाज पुसला गेला होता तो आला कुठून? डिस्क परत बसवली, त्या दिवसापासून फाइल नुसती गाणंच गाते. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. ऐकायची माझी तयारी आहे, खरंच.

आईला विचारलं, आता आवाज येत नाही, वाईट वाटतं का? "न्हाई माय. आता बसला ध्यानात."

आणि त्या रविवारी, स्क्रीन काळी झाल्यावर मी दाराला धरून रडत उभी होते, तेव्हा आई पदर सावरून उठली, स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावरचं तिचं झाकलेलं ताट स्वतः घेऊन आली आणि मला म्हणाली, "सरक, बसू दे जेवायला. त्यायचा काय भरोसा न्हाई, खरंच येतील भरवायला."