चाकं बटणाने आत जात नव्हती

माझ्या माहेरी, रत्नागिरीच्या घरात, बाहेरच्या खोलीत फोनच्या वर एक फ्रेम टांगलेली आहे. आत एका स्थानिक पेपराचं कात्रण, त्यात माझ्या थोरल्या भावाचा फोटो, आणि मजकुरात एक ओळ : 'बटण दाबताच विमानाची चाके आत जातात.' ही ओळ खोटी आहे. त्या विमानात असं बटणच नव्हतं. वैमानिकाला उजव्या हाताने दांडा फिरवून चाकं वर ओढावी लागायची, मे महिन्यात आपण आइस्क्रीमचा पॉट फिरवतो तशी. तोवर विमान डाव्या हातात, आणि ते बिचारं डुलत डुलत वर चढायचं. मला हे माहीत आहे, कारण तो दांडा मी केलाय. सगळं विमानच मी केलंय. इतकी वर्षं झाली, लग्न झालं, मुलं मोठी झाली, तरी ती ओळ वाचली की माझं डोकं फिरतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. दादा बी.कॉम. होऊन नोकरी 'बघत' होता, आणि त्याच्या नोकरीसाठी म्हणून घरात कॉम्प्युटर आला होता. त्या कॉम्प्युटरवर तो दिवसभर विमानं पाडायचा. कुणीतरी मुंबईहून आणलेली खेळाची सीडी होती, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची. नोकरी मी करत होते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथे मी कॉम्प्युटरवर त्या भागांची ड्रॉइंग काढायचे. दहावीनंतर डिप्लोमा केला होता, हात स्वच्छ होता, आणि वाकडी रेघ दिसली की मला चैन पडत नसे. अजूनही पडत नाही.

एका रविवारी दादाच्या खुर्चीमागे उभी राहून मी तो खेळ बघत होते. जर्मनांची, इंग्रजांची, अमेरिकनांची विमानं अगदी नीट काढलेली, काचेवरची चमकसुद्धा. मग समोरून एक रशियन विमान आलं. नाक गोल असायला हवं तिथे आठ कोन, आणि पंख म्हणजे इस्त्रीची फळी.

"हे असं काय काढलंय रे?"

"रशियाचं आहे ते," दादा म्हणाला. "पाडायलाच असतं."

मला त्या क्षणी जो राग आला त्याचं कारण मी आजही धड सांगू शकणार नाही. रशियाशी माझा काय संबंध? पण कुणीतरी बसून ठरवलं होतं की ही विमानं फक्त पडण्यापुरती हवीत, म्हणून त्यांचं नाक गोल करायचे कष्ट घ्यायचे नाहीत. तो आळस मला सहन झाला नाही. आमच्या कारखान्यात असं ड्रॉइंग दिलं असतं तर साहेबांनी तोंडावर फेकलं असतं.

तर अशी रागातून सुरुवात झाली. त्या खेळाच्या वेड्यांची परदेशात एक मंडळी होती. ती नवी विमानं बनवून खेळात घालायची, फुकट, हौस म्हणून. तिचा म्होरक्या कुठल्याशा थंड देशातला निवृत्त शिक्षक होता. त्याने लिहिलं होतं की युद्धाच्या सुरुवातीची रशियन विमानं करायला कुणी पुढे येत नाही. मी सायबर कॅफेतून त्याला ई-मेल केला की मी करते. इंग्रजीत 'करतो' आणि 'करते' एकच, त्यामुळे त्याला काही कळायचं कारण नव्हतं.

आणि ई-मेल घरात एकच होता. आज हे सांगितलं की माझी मुलं हसतात. पण तेव्हा घरात एक फोन, एक गॅस, तसा एक ई-मेल. फोन बाबांच्या नावावर, गॅस बाबांच्या नावावर, ई-मेल दादाच्या नावावर. आमचे मुंबईचे मामासुद्धा आईला त्याच पत्त्यावर पत्र पाठवायचे, 'ताईला वाचून दाखव' म्हणून. कुणाच्या डोक्यातही आलं नाही की माणसागणिक वेगळा लागतो.

मी पहिलं विमान घेतलं ते आय-सोळा. ठेंगणं, पिंपासारखं पोट, छोटे पंख. रशियन वैमानिक त्याला लाडाने गाढव म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत मी डबा दहा मिनिटांत संपवायचे आणि उरलेला वेळ विमानाला द्यायचे. साहेबांची हरकत नव्हती, मी काय काढते ते बघायलाही ते येत नसत, कॉम्प्युटर नाही तरी तेव्हा रिकामाच असे. या कामात मेख अशी की सगळं विमान त्रिकोणांचं बनवायचं असतं आणि त्रिकोण मोजके मिळतात, जास्त झाले की खेळ अडखळतो. नाक गोल करायला त्रिकोण उधळले की शेपटीला उरत नाहीत. मग शेपटीचे वाचवायचे, चाकांचे वाचवायचे, संसार करतात तसं. धड लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून केलेलं, म्हणून तिथे खिळ्यांच्या रांगा काढायच्या नाहीत. पंखांवर ताणून बसवलेलं कापड, म्हणून आतल्या फासळ्या किंचित उठून दिसायला हव्यात. हे सगळं मी जुन्या नकाशांवरून आणि धुरकट फोटोंवरून शोधलं. तो दांडा मात्र मला कुठल्याच फोटोत नीट दिसेना. शेवटी मे महिन्यात शेजाऱ्यांकडून पॉट आणून आंब्याचं आइस्क्रीम केलं तेव्हा सगळ्यांना बाजूला सारून दांडा मीच धरून बसले. कोपर कुठवर मागे जातं, खांदा कसा वळतो, ते बघत. आईला वाटलं, लेकीला घरकामाची आवड लागली.

वर्षभराने विमान झालं. फाइल एका फ्लॉपीत मावेना, तुकडे करून डब्याच्या पिशवीतून फ्लॉप्या नेल्या आणि कॅफेतून पाठवल्या. सोबत माहितीच्या फाइलीत माझं नाव लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात, पूर्ण.

मग बरेच दिवस काही कळलं नाही. कळलं ते असं. जानेवारीत एका सकाळी कारखान्यात गेले तर साहेबांनी पेपर पुढे केला. "तुझा भाऊ छुपा रुस्तम निघाला की गो! आणि तू काही बोलली नाहीस ती!"

दादाचा फोटो होता. आमच्याच कॉम्प्युटरसमोर बसून, हनुवटीला हात लावून. 'रत्नागिरीच्या सुपुत्राची गगनभरारी.' कारखान्यातल्या ज्या कॉम्प्युटरवर मी ते विमान केलं, त्याच्यासमोर उभं राहून मी ती बातमी वाचली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बटणाची ओळ वाचली तेव्हा तर मी मोठ्याने "गाढव!" म्हणाले. साहेब दचकले.

झालं होतं ते असं. म्होरक्याने विमान पसंत केलं, नव्या संचात घातलं, आणि माहितीची फाइल न उघडता ज्या पत्त्यावरून आलं त्यावरचंच नाव करणाऱ्यांच्या यादीत टाकलं. अभिनंदनाचा ई-मेल दादाने वाचला. कॅफेत, मित्रांसमोर. त्यातला एक मित्र त्या पेपराला बातम्या पुरवायचा. 'तू केलंस?' म्हणून त्याने विचारलं, आणि माझा सख्खा भाऊ, आयत्या बिळावरचा नागोबा, हो म्हणाला.

संध्याकाळी घरी पोचले तर पेढे. पेढे! मी चप्पल काढायच्या आधी बोलायला सुरुवात केली.

"तुझ्याच भल्याचं केलं मी," दादा म्हणाला. "मुलगी दिवसभर बंदुकांची विमानं करते असं छापून आलं असतं तर बघायला कोण आलं असतं?"

आईचं त्याहून पुढे. "मंडणगडच्या स्थळाने वाचलंन असतं म्हणजे? हळू बोल गो, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! आणि बटण कुठून आणलंस रे तू? बटण आहे त्यात?"

"कुणाला काय कळतंय?" दादा म्हणाला.

मी बाबांकडे बघितलं. बाबा हिशेबी आणि सरळ माणूस, खोटं त्यांना चालत नसे. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "अगो, नावात काय आहे? घरातच राहिलं ना? बाहेरच्याने नेलंन असतं तर वेगळी गोष्ट."

हे कोण बोलत होतं? तर आदल्याच हंगामात वाशीच्या मार्केटात कुणीतरी आमच्या बागेच्या रिकाम्या पेट्यांमध्ये परप्रांताचा आंबा भरून विकला, तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडलेला माणूस. रातोरात एसटीने मुंबई गाठून दलालाच्या गाळ्यावर उभा राहिलेला माणूस. "माझ्या नावाखाली दुसऱ्याचा आंबा! माझ्या नावाखाली!" असं तो पुढे महिनाभर जेवताना, झोपताना, कलमांना शेणखत घालताना म्हणत होता. आंब्याच्या पेटीवरचं नाव म्हणजे आमच्याकडे इभ्रत. ते नाव पेटीवर उमटवायचा पत्र्याचा छाप मीच कापलेला होता, कारण घरात सरळ अक्षर माझंच. दर हंगामात सगळ्या पेट्यांवर बाबांचं नाव निळ्या रंगात मी उठवायचे. आणि तोच माणूस मला विचारत होता, नावात काय आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, पण मी कुठे दुसऱ्याची होते?

मी दुसऱ्या दिवशी कॅफेत जाऊन स्वतःच्या नावाचा ई-मेल उघडला. म्होरक्याला सगळं लिहिलं, बटणाची ओळ आणि दांड्याची हकीगत धरून. उत्तर येईना. घरात बोलणं बंद केलं. दादा दोन दिवस चोरासारखा वावरला आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच बातमीला फ्रेम करून आणली.

मार्चच्या शेवटी आंबा काढणीला आला. पहिल्या पेट्या मुंबईला जायच्या दिवशी पहाटे मी पडवीत बसून छाप मारले. टेम्पो दारात लागला, गडी पेट्या चढवायला लागले आणि बाबा मोजायला बाहेर आले. दोन मोजल्या आणि थांबले. वाकून वाचलं.

पेट्यांवर माझं नाव होतं. माझं, बाबांचं, आडनाव, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. पत्रा कारखान्यातून आणला होता, छाप घरीच कापला होता, बाबांच्या छापापेक्षा सुबक.

"हे काय केलंयस?" बाबा इतक्या जोरात ओरडले की गड्यांनी हातातली पेटी खाली ठेवली.

"नावात काय आहे?" मी म्हटलं. "घरातच राहिलं ना."

बाबांचा चेहरा लाल झाला. मग म्हणाले, "आंब्याचं वेगळं!"

आंब्याचं वेगळं! कलमावर आंबा आपोआप धरतो, मेल्या त्या विमानाला तर मोहोरही येत नाही. एकेक त्रिकोण हाताने बसवावा लागतो. हे सगळं मी बोलले, 'मेल्या'सकट, वडिलांसमोर. आई दारात येऊन "अगो गप, अगो गप" करत राहिली. बाबा नाव पुसायला रॉकेलचं फडकं आणायला वळले, तर टेम्पोवाला म्हणाला, "काका, हातखंब्याला ट्रक आपल्यासाठी थांबायचा नाही." आंबा काही थांबत नाही. पेट्या गेल्या, माझं नाव घेऊन.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. वाशीचा दलाल. मी स्वयंपाकघरात होते, बाबा बाहेर, त्या फ्रेमखाली.

"होय, आमचाच माल," बाबा सांगत होते. "नाही नाही, नाव मुलीचं आहे... चुकून पडलंय... अहो, नाव तिचं असलं तरी आंबा माझा आहे! कष्ट माझे आहेत! मी सांगतोय ना, माझा आहे म्हणून!" पलीकडच्याला पटत नसावं. बाबांचा आवाज चढत गेला. "नाव बघता आणि माणसाचं ऐकत नाही म्हणजे काय?"

मी हात पुसत दारात येऊन उभी राहिले. बोलायची गरजच नव्हती, माझी सगळी वाक्यं तेच बोलत होते.

रिसीव्हर ठेवल्यावर त्यांनी मला बघितलं. मग वर फ्रेमकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "बटण नव्हतं म्हणतेस?"

"नव्हतं."

"मग कसं होतं?"

मी दांडा फिरवून दाखवला, हवेत. त्यांनीही हात उचलून एकदा फिरवून बघितला आणि बागेत निघून गेले. पुढच्या पेट्यांवर त्यांचंच नाव होतं. तो छाप मी मारला नाही, दादाने मारला, तिरका.

म्होरक्याचं उत्तर पावसाळ्यात आलं. माफी मागितली होती, आणि पुढच्या संचात नाव बदललं. पेपराने काही छापलं नाही. दादाने त्यांना सांगितलंच नाही, हे मला पुढे कळलं. मी आणखी तीन रशियन विमानं केली, मग लग्न झालं, मंडणगडला नव्हे. तो खेळ आता कुणी खेळत नाही.

फ्रेम अजून तिथेच आहे, कारण आईला दादाचा त्यातला फोटो आवडतो. मी माहेरी गेले आणि पाहुणे आले की त्यांचं लक्ष तिकडे जातंच, ते मोठ्याने वाचायला लागतात. बाबा आता थकलेत, त्यांना ऐकूही कमी येतं. पण बटणाची ओळ आली की आरामखुर्चीतून हात वर करतात. "बटण नव्हतं ते," म्हणतात. "दांडा होता. हाताने फिरवायला लागायचा." आणि फिरवून दाखवतात, बरोबर मी दाखवला होता तसा.

ते विमान कुणी केलं, ते मात्र अजून सांगत नाहीत. ते मी सांगते, चहाचा ट्रे खाली ठेवून, सगळ्यांसमोर, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.