बसच्या तिकिटाची खूण

माझ्यासारख्याने कुणाविषयी लिहावं, एवढी माझी योग्यता नाही. चुकलं तर माफ करा. पण ज्यांचं नावही मी कधी विचारलं नाही, त्यांचे उपकार मात्र मला विसरता येत नाहीत.

जॉर्ज टाउनच्या फुटपाथवर ते जुनी पुस्तकं विकत. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथलं इंग्रजी मला झेपत नव्हतं. ते मला 'तंबी' म्हणत, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. त्यांनी मला मुलांच्या सोप्या इंग्रजी कादंबऱ्या दिल्या. त्यांत वाट वाचकानेच निवडायची: गुहेत शिरायचं तर एक पान, माघारी फिरायचं तर दुसरं. मी तिथंच उभा राहून वाचायचो, आणि परतता यावं म्हणून मागच्या पानात बोट अडकवून ठेवायचो.

पहिल्याच वर्षी इंग्रजीत नापास झालो.

"कॉलेज सोडतो. अप्पांबरोबर गोदामात लागतो," मी त्यांना म्हणालो.

त्यांनी कानामागे खोचलेलं बसचं तिकीट काढलं आणि माझ्या हातातल्या पुस्तकात, माझं बोट होतं त्या पानात ठेवलं.

"तंबी, गुहेत दहादा मेलास, दहादा मागं आलास. मग एका परीक्षेला भितोस होय? जा, परत बस. गोदाम कुठं पळतंय? तुझी खूण मी जपतो."

मी पास झालो तेव्हा आजोळी होतो. परत येऊन पाहिलं, तर ते कायमचे मुलीकडे तंजावरला गेले होते. त्यांना सांगायचं राहिलं, ही रुखरुख वर्षभर होती.

काल तिथल्या फुलवालीला हे बोललो, तर ती म्हणाली, "तू पास झाल्याचं ते जायच्या आधीच तुझ्या अप्पांनी सांगितलं की त्यांना! ऐकल्या ऐकल्या त्यांनी एका पुस्तकातलं तिकीट काढून फेकून दिलं."