किन्सेलची नऊ घरं

"कागदातून पायऱ्या नीट कापून सुटल्या की बाकीचं घर आपलं आपण उभं राहतं," असं एडलिन ट्युइट एकदा चर्चमधल्या बायकांना म्हणाली होती. त्या बायका तिच्याकडे नाताळची कार्डं करायला शिकायला आल्या होत्या. त्यांना पायऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हिमफुलं हवी होती, बारशिंगी हरणं हवी होती. माँटसेराटमध्ये जन्मात कुणी बर्फ पाहिला नव्हता, पण बेटावरच्या माणसाला नाताळच्या कार्डावर बर्फच लागतो. एडलिन मुकाट्यानं त्यांना हिमफुलं कापून देई. घरं ती फक्त बेट सोडून बर्फाच्या देशात गेलेल्या लोकांसाठी करत असे.

सत्त्याण्णव साली ज्वालामुखीच्या डोंगरानं तिचं गाव, किन्सेल, गिळलं. आधी राख आली, मग आणखी राख, आणि मग दक्षिणेच्या रस्त्यावर फाटक आणि पहारा. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. एडलिन उत्तरेला, आधी निवाऱ्यात आणि मग लुकआउटच्या नव्या वस्तीत आली. धाकटी बहीण क्लॅरिस लेस्टरला गेली. गल्लीतली बाकीची आठ कुटुंबंही इंग्लंडभर पांगली. ट्युइटांच्या घराचा एकही फोटो कुणाकडे उरला नव्हता. जे होतं ते एडलिनच्या डोक्यात होतं, आणि डोक्यावर तिचा फारसा भरवसा नव्हता. म्हणून तिनं ते पोलादात उतरवलं.

बेटाच्या जुन्या राजधानीत, प्लिमथच्या छापखान्यात तिनं बावीस वर्षं खोके आणि पाकिटं कापण्याच्या यंत्रावर काढली होती. डाय म्हणजे काय, ते तिच्या बोटांना ठाऊक होतं: प्लायवूडच्या फळीत उभी ठोकलेली पोलादी पट्टी, धार वर. कागदाची रंगीत बाजू धारेकडे ठेवायची, म्हणजे कड स्वच्छ सुटते. वरून दाब दिला की आकार मोकळा होतो. निर्वासितांच्या निवाऱ्यात, तीस माणसांच्या खोकल्यात बसून, मदतीच्या पेट्यांना बांधून आलेल्या पट्ट्या पक्कडीनं वाकवून तिनं पहिली डाय केली. कापलेला कागद धारेत अडकू नये म्हणून फाटक्या सपातांच्या रबराचे तुकडे आत चिकटवले. वर दुसरी फळी ठेवून तिच्यावर दोघांना उभं केलं. पिवळ्या कागदातून घर सुटून आलं. दोन खिडक्या, पुढचा सज्जा, कडेनं चढणाऱ्या सात पायऱ्या. ते हातात घेऊन ती बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

पुढे दोन वर्षांत गल्लीतली नऊच्या नऊ घरं झाली. क्लॅरिसनं लेस्टरहून दोन रुळांचं एक हातयंत्र पाठवलं. दर डिसेंबरला त्रेचाळीस कार्डं जात, ज्याला त्याला ज्याचं त्याचं घर. उत्तरं येत. अमक्यानं कार्ड फ्रेम करून लावलं, तमकी बघून रडली. एडलिन ती पत्रं दोनदा वाचायची आणि यंत्राच्या खणात ठेवायची. किन्सेल अजून कुठेतरी आहे आणि त्याची किल्ली आपल्याकडे आहे, असं तिला वाटत असे. कुणाला ती हे बोलली नव्हती.

यंदा एकोणीस वर्षांनी क्लॅरिस आली. नाताळच्या उत्सवाला आली, नव्या वर्षानंतर जाणार होती. जाड झाली होती, मोठ्यानं बोलायची, आणि आल्यापासून तिनं शेजारच्या मिसेस मीडच्या रमातल्या केकवर ताव मारला होता.

त्या सकाळी टेबलावर शेवटची काही कार्डं उरली होती. टपालाची पिशवी दुपारी बंद व्हायची. एडलिन यंत्राचा दांडा फिरवत होती, क्लॅरिस पाकिटांवर पत्ते लिहीत होती आणि मधे मधे सोरेलच्या सरबताचा लाल घोट घेत होती.

"सरकारनं तुलाच ठेका द्यायला हवा होता, लिन," क्लॅरिस म्हणाली. "सकाळपासून चार घरं झाली. इथं आपल्या चुलतभावाला एक मोरी बांधून मिळायला सहा वर्षं लागली."

"पत्ता सरळ लिही. तुझं अक्षर बघून पोस्टमन ते जमैकाला नेईल."

"लिहितेय ना बाई. हे कुणाचं? आपल्या गल्लीतल्या फेंटनचं?" क्लॅरिसनं हिरवं घर उचललं आणि एकदम हसायला लागली. "म्हातारा तुझं कार्ड आलं की पहिल्यांदा कुठे जातो माहितेय? न्हाणीघरात!"

"कशाला?"

"आरशापुढे धरायला. शहाऐंशी वर्षांचा माणूस, तासभर आत. बायको दार वाजवते, अरे मेलास की काय! तर आतून म्हणतो, थांब गं, मी घरी आलोय."

एडलिनचा हात दांड्यावर थांबला. "आरशापुढे का?"

क्लॅरिस हसायची थांबली. तिनं बहिणीकडे पाहिलं, मग घराकडे, मग पुन्हा बहिणीकडे.

"लिन, सगळीच घरं उलटी आहेत गं. मला वाटलं, तुला माहीत आहे. मला वाटलं, तू काही विचार करून केलंयस. मागच्या अंगानं बघितल्यासारखं वगैरे."

"काय उलटं आहे?"

"पायऱ्या. आपल्या पायऱ्या समुद्राच्या बाजूला होत्या. तू डोंगराच्या बाजूला लावतेस. फेंटनचं दार, रायलींची पाण्याची टाकी, सगळं तसंच."

"एकोणीस वर्षं कुणी बोललं नाही."

"कोण बोलणार? माणसं ते छातीशी धरून रडतात. त्यांना काय सांगायचं, की थांबा, आधी बाजू तपासा?"

"चूक तुझी होतेय," एडलिन म्हणाली. "तू लेस्टरच्या घरात राहून विसरलीस. मी त्या पायऱ्या रोज डोळ्यासमोर बघते."

"रोज कागद बघतेस तू."

एडलिननं डोळे मिटले. तिला घर दिसलं, पिवळं, स्वच्छ कडांचं, पायऱ्या उजवीकडे, डोंगराकडे. इतकं स्पष्ट की शंकेला जागाच नव्हती. "मम्मा संध्याकाळी तिथेच वाटाणे सोलायला बसायची," ती भांडल्यासारखी म्हणाली. "मांडीवर पातेलं घेऊन. आपल्याला हाक मारायची तेव्हा असा कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून..."

तिचा स्वतःचा हात कपाळाशी गेला होता. तो तिथेच राहिला.

  किन्सेलला सूर्य समुद्रात बुडतो. डोंगराच्या बाजूला दुपार उतरली की घराची सावली पडायची. तिथे बसलेल्या बाईला डोळ्यांवर हात धरावा लागला नसता.

एडलिननं डाय पुढ्यात ओढली. पोलादात पायऱ्या डावीकडेच होत्या, समुद्राकडे. त्या रात्री निवाऱ्यात तिला बरोबर आठवलं होतं. पण रंगीत बाजू धारेकडे, ही बावीस वर्षांची सवय. कागद उचलून पालथा केला की डावं ते उजवं. म्हणून तर छापखान्यात डाय करणारा म्हातारा डेली प्रत्येक आकार फळीवर उलटा काढत असे. ती रोज बघत होती. पण तिचं काम फक्त कागद सरकवायचं होतं. तिनं घर आठवलं तसं सरळ काढलं, कागदानं ते फिरवलं, आणि मग कार्डामागून कार्ड, वर्षामागून वर्ष, कागदातलं घर आठवणीतल्या घरावर राखेसारखं बसत गेलं. फेंटनकडे निदान आरसा होता.

"एवढं काय त्यात," क्लॅरिस घाईघाईनं म्हणाली. तिनं पिवळं घर उचलून पालथं केलं. "हे बघ, झालं सरळ."

मागची बाजू पांढरट होती. पायऱ्या समुद्राकडे आल्या आणि भिंतीचा रंग गेला. दोघीही त्याकडे बघत राहिल्या. घर सोडताना शेवटचं वळून पाहिलं तेव्हा राखेखाली ते याच रंगाचं होतं.

"उरलेल्यांना पांढऱ्या बाजूवर रंग देऊ या," क्लॅरिस म्हणाली. "नाहीतर या वर्षी पाठवू नकोस. मी फोन करून सांगते सगळ्यांना."

"फेंटन वाट बघत असेल," एडलिन म्हणाली.

तिनं बेचाळीस पाकिटं मोजल्याशिवायच पिशवीत भरली. त्रेचाळिसावं कार्ड क्लॅरिसचं. ते तिनं समोर उघडलं, बशीतला डिंक जवळ घेतला, ब्रश उचलला. पिवळं हवं तर पायऱ्या डोंगराकडे. पायऱ्या समुद्राकडे हव्या तर घर राखेचं. ब्रशवरचा डिंक वाळत चालला. तिनं ब्रश बशीत परत ठेवला, घर तसंच सुटं कार्डात घातलं आणि कार्ड बहिणीपुढे सरकवलं.

"अगं, चिकटव की," क्लॅरिस म्हणाली. मग तिला कळलं, आणि तिनं कार्ड मिटून दोन्ही हातांखाली धरलं, आतलं घर हलू नये म्हणून.

एडलिननं एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि दारातून बाहेर पडली.