अण्णांचा डिपर

हे लिहायला हात धजत नव्हता. कारण आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायची सोयच नाही! आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे, नवस, भानामती... कुणी नुसतं नाव काढलं तरी अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याला चहा पाजायचे आणि चहा संपेपर्यंत झापायचे. "मेलेला माणूस परत येत नसतो. यायचंच असतं तर गेला कशाला असता?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्यांचाच पोरगा. शेंद्र्याला एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे, दिवसभर हातात मल्टिमीटर. मीटरवर जे दिसत नाही ते मी मानत नाही... मानत नव्हतो म्हणू का? तेच ठरत नाही, म्हणून तर लिहितोय.

अण्णा टूरिस्ट टॅक्सी चालवायचे. पांढरी अँबॅसिडर. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ — सगळी हयात त्याच रस्त्यावर गेली. घरही दौलताबादलाच, किल्ल्याच्या खाली. संध्याकाळी गाडी गल्लीत वळली की हेडलाइटचा उजेड खिडकीतून थेट स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडायचा. तिथं अण्णा दोनदा डिपर मारायचे, दिवे खाली-वर करायचे. म्हणजे, चहा टाक. आई गॅस पेटवायची, आणि ते हातपाय धुऊन येईपर्यंत कप तयार. या दोघांना एकमेकांशी गोड बोलताना मी कधी पाहिलं नाही, पण डिपर कधी चुकला नाही.

मागच्या वर्षी अण्णा गेले. गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली, तोंड भिंतीकडं. बॅटरी मी स्वतः काढली आणि वरून ताडपत्री टाकली.

मग एक दिवस पुण्याहून दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. शेजारच्या काकूंनी त्याला सांगितलं होतं — आई रोज दिवेलागणीला दोन कप चहा करते. विचारलं तर म्हणते, त्यांनी डिपर मारला.

"एकटी राहून डोक्यावर परिणाम झालाय तिच्या," दादा म्हणाला. "मी रविवारी येतो आणि पुण्याला घेऊन जातो. घराला कुलूप लाव, आणि ते धूड भंगारात दे."

मी हो म्हणालो. मी बायकोसोबत शेंद्र्याला राहणार आणि आई इथं एकटी. पण आईला त्या घरातून उचलून पुण्याच्या चौथ्या मजल्यावर ठेवायचं, हे पटत नव्हतं. रजा टाकून मी दौलताबादला गेलो.

वाटलं होतं आई रडेल, भांडेल. पण ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "नेतो म्हणतोय तर जाईन. पण त्याच्या आधी गाडीचे दिवे तेवढे नीट कर. लई मंद झालेत रं. आधी भिंतीवरचे डबे मोजता यायचे, आता नुसतं पिवळं पिवळं पडतं. त्यांना रस्ता कसा दिसत आसंल?"

"आई, गाडीत बॅटरीच नाही."

"मी कुठं म्हणते भूत हाय? मी म्हणते, दिवे मंद हायेत."

म्हटलं, जाण्याआधी तिच्या मनासारखं होऊ दे. शहागंजच्या रफीकभाईंना फोन केला. अण्णांच्या गाडीची सगळी वायरिंग त्यांच्याच हातची. "अन्ना की गाडी है, ना कैसा बोलूं मियाँ?" म्हणत शुक्रवारी दुपारी ते बॅटरी घेऊन हजर झाले.

बॅटरी जोडली, बटण ओढलं... आणि खरंच, दिवे मरतुकडे! भिंतीवर पिवळट डाग पडला, बस्स. रफीकभाई म्हणाले, बल्ब गेले. नवे बल्ब टाकले, तरी तेच. मग मी मीटर लावला. बॅटरीवर बारा व्होल्ट, पण बल्बपाशी पोचेपर्यंत जेमतेम नऊ. जुन्या बारीक वायरी आणि गंजलेलं अर्थिंग — वाटेतच सगळं खाऊन टाकत होते. अर्थिंगचा नट खोलून घासला, जाड वायर ओढली, दिव्यांना थेट बॅटरीचा करंट मिळावा म्हणून मध्ये रिले टाकला. डावा दिवा असा लागला की डोळ्यांवर हात घ्यावा लागला.

उजव्याचा रिफ्लेक्टर, म्हणजे आतली चकचकीत वाटी, पार काळी पडली होती. "ये तो पॉलिशकूच देना पडता," म्हणून रफीकभाई तो उजवा दिवा काढून आणि आपली बॅटरी उचलून घेऊन गेले. मी ताडपत्री टाकली आणि शेडला कुलूप लावलं. गुडघ्यांमुळं आई तिकडं फिरकलीसुद्धा नव्हती.

दिवेलागणीला मी नळावर हाताचं ग्रीस काढत होतो. आतून आईची हाक आली.

"अरे, उजवा दिवा काढलास का?"

माझ्या हातातला साबण सुटला.

"डावा लखलखीत पडला बघ. उजवा लागलाच नाय."

मी मनाची समजूत घातली — रफीकभाईंच्या हातात दिवा दिसला असेल तिला. पण उजवा की डावा, हे हातातल्या दिव्यावरून कसं कळणार? त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

शनिवारी रफीकभाई आले, दिवा बसवून आपल्या बॅटरीवर तपासला आणि बॅटरी परत घेऊन गेले. संध्याकाळी मी शेडचं कुलूप ओढून पाहिलं आणि स्वयंपाकघरात आईशेजारी पाटावर बसलो. गल्लीच्या तोंडाशी नालीसाठी खड्डा खणला होता, चारचाकी आत येणं शक्य नव्हतं. बाहेर अंधारून यायला लागलं होतं. आई कांदा चिरत होती.

आणि भिंत उजळली.

हळूहळू नाही, एकदम. पांढराशुभ्र उजेड. खिडकीच्या गजांच्या सावल्या डब्यांवरून सरकत गेल्या, गाडी वळताना सरकतात तशाच, आणि थांबल्या. उजेड खाली झाला, वर आला. पुन्हा खाली, वर. इंजिनचा आवाज नाही, काही नाही. त्या उजेडात मला आईचा चेहरा दिसला... इतका निवांत चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता.

"आता कसं झ्याक दिसतंय," ती म्हणाली आणि तिनं गॅस पेटवला.

मी अनवाणी बाहेर धावलो. गल्ली रिकामी, खड्डा तसाच. कुलूप उघडून शेडमध्ये गेलो. ताडपत्री जागच्या जागी, दिव्यांच्या काचा गार. किती वेळ नुसता काचेवर हात ठेवून उभा होतो कुणास ठाऊक. घाबरलो नव्हतो. अण्णांची फार आठवण आली, इतकंच.

रविवारी दादा आला. त्यानं आईची बॅग भरायला घेतली आणि मला म्हणाला, "तू होतास ना इथं दोन दिवस? आता तूच सांग तिला, काही नसतं म्हणून."

आईनं माझ्याकडं पाहिलंही नाही. नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला काय बोलायचं ते कळत होतं. दादासमोर, आणि अण्णांच्या फोटोसमोरही, ते बोलायची लाज वाटत होती.

"दिवे मंद होते दादा. मी दुरुस्त केले."

"म्हणजे?"

"म्हणजे मीपण पाहिलं. आईला कुठं न्यायचं नाही. आम्ही दोघं नवरा-बायको इथं राहायला येतो."

दादानं भरत आणलेली बॅग खाली टाकली. मग "दोघंही कामातून गेलात!" म्हणून जेवायच्या आधीच निघून गेला. अजून नीट बोलत नाही.

त्यानंतर भिंतीवर तो उजेड एकदाही पडला नाही. मी आरसे लावून पाहिले, किल्ल्याकडच्या रस्त्यावरून गाड्यांचा उजेड येतो का ते पाहिलं, मीटर घेऊन शेडमध्ये बसलो... हाती काही लागलं नाही. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. फक्त आईला वेड लागलं होतं म्हणू नका.

आता मी रोज शेंद्र्याहून येतो, गल्लीत वळलो की मोटारसायकलचा डिपर दोनदा मारतो. ठरवून नाही, पहिल्या दिवशी आपसूकच मारला गेला. आत गेलो तर आईनं चहा टाकलेला होता. कप हातात देत म्हणाली,

"तुझा बी दिवा मंदच हाय रं. रफीकभाईला दाखव."